प्रीसेप्टर कोण आणि मेंटॉर कोण?

प्रश्न : मी बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण केले असून लवकरच एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात रुजू होणार आहे. पहिले तीन महिने प्रीसेप्टरच्या हाताखाली काम करायचे असून त्याखेरीज एक मेंटॉरही मिळेल, असे नियुक्तिपत्रात म्हटले आहे. ही एकाच भूमिकेची दोन नावे आहेत का? – एक परिचारिका, सांगली

उत्तर : नाही. प्रीसेप्टर ही तुमच्याच विभागातली आणि सहसा तुमच्याच पाळीत काम करणारी अनुभवी परिचारिका असते. व्हेंटिलेटरवरील रुग्णाचे सक्शन (श्वासमार्गातील स्राव नळीने ओढून काढणे), औषधांची नोंद, पाळी बदलतानाचा हँडओव्हर ही कामे ती आधी करून दाखवते, मग शेजारी उभी राहून तुमच्याकडून करून घेते आणि ती तुमच्यावर एकटीवर सोपवता येतील की नाही, याविषयी अभिप्राय देते. पोटॅशियम क्लोराइडचे इंजेक्शन पातळ न करता थेट शिरेत दिले तर हृदय बंद पडू शकते. म्हणून त्याचे प्रमाण आणि औषध शिरेत सोडणाऱ्या पंपाचा वेग दोघींनी स्वतंत्रपणे तपासायचा असतो, आणि सुरुवातीला त्यातली दुसरी नजर प्रीसेप्टरची असावी. ठरलेली मुदत संपली की हे नाते संपते.

मेंटॉरचे नाते अधिक काळ टिकते. ती बहुधा विभागाबाहेरची असते व तुमचे मूल्यमापन तिच्याकडे नसते, त्यामुळे डोळ्यांदेखत झालेल्या पहिल्या मृत्यूनंतरची अस्वस्थता किंवा पुढे एम.एस्सी. करावे की नाही, हे तिच्याशी मोकळेपणाने बोलता येते.

एका गोष्टीची मला मनापासून काळजी वाटते. औषध देताना काही चुकले, तर अभिप्राय बिघडेल या धास्तीने ते प्रीसेप्टरपासून दडवून संध्याकाळी मेंटॉरपाशी मन हलके करावे, असा मोह नव्या परिचारिकेला होऊ शकतो. कृपया तसे करू नका. रुग्णाचा अपाय टाळण्याची संधी अनेकदा काही मिनिटांचीच असते, म्हणून प्रीसेप्टरला आणि डॉक्टरांना तत्क्षणी सांगा.

या शब्दांचा वापर सर्वत्र सारखा नाही, हेही ध्यानात असू द्या. ब्रिटनमध्ये तर तेथील नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल या परिचारिकांच्या नियामक संस्थेने २०१८ मध्ये नवे निकष आणेपर्यंत विद्यार्थ्यांचे मूल्यमापन करणाऱ्या परिचारिकेलाच मेंटॉर म्हणत. तेव्हा केवळ नावावर न जाता, तुमचा अभिप्राय दोघींपैकी कोण लिहिणार, हे पहिल्याच दिवशी विभागप्रमुखांना विचारून घ्या.