टेकता टेकता परत वर

या वेळी विमानप्रवासातल्या फजितीबद्दल प्रश्न मागवले होते तर ढीगच आला. मी विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये बारा वर्षं काढलीत, कॉकपिटमध्ये नाही, त्यामुळे विमान उडवण्याबद्दल जे काही सांगतेय ते पायलट लोकांना छळून छळून काढून घेतलेलं आहे.

प्रश्न: ताई, आमचं विमान उतरत होतं, धावपट्टीवरचे पांढरे पट्टे अगदी दिसायला लागले होते आणि एकदम इंजिनं बोंबलायला लागली, आम्ही परत वर! शेजारच्या बाईंनी माझा हात इतका आवळला की नखं उमटली. पायलट दहा मिनिटं एक अक्षर बोलला नाही. थोडक्यात वाचलो का आम्ही?

वाचलात बिचलात काही नाही हो, याला गो-अराउंड म्हणतात आणि हे रोजच्या कामातलं आहे. पुढचं विमान धावपट्टीवरून बाहेर पडायला उशीर झाला, वारा फिरला, किंवा ठरलेल्या उंचीवर आल्यावरही विमानाचा वेग हवा तेवढा नसला, एवढं कारण पुरतं. घाबरायला होतं ते आवाजामुळे. उतरताना इंजिनं कुजबुजत असतात आणि मग एकदम टेकऑफची ताकद दिली की कानाला ते भयंकर वाटतं, त्यात चाकं आत घेतल्याचा पोटाखालून धाडकन आवाज येतो, शिवाय बरंचसं इंधन जळून विमान हलकं झालेलं असतं म्हणून ते चढतंही झपकन.

बोलला नाही याचा राग मात्र सोडा. आधी विमान सांभाळ, मग दिशा बघ, मग बोल, हा क्रम त्यांच्या हाडीमाशी भिनवलेला असतो. बोलण्यातही पहिला नंबर कंट्रोल टॉवरचा, आपला सगळ्यात शेवटचा. मला विचाराल तर परत वर जाणाऱ्या पायलटपेक्षा काही झालं तरी आत्ताच टेकवतो म्हणणाऱ्याची जास्त भीती वाटते.

प्रश्न: पाऊस पडत असताना विमान इतकं जोरात आपटलं की वरचे दोन कप्पे उघडले. पायलट शिकाऊ होता का?

उलटंही असू शकतं. ओल्या धावपट्टीवर मुद्दाम जरा ठासून टेकवतात. चाकं पाण्याच्या थरावर तरंगली तर ब्रेकला पकड मिळत नाही, म्हणून पाणी फोडून टायर जमिनीला लागायला हवेत, आणि चाकांवर वजन आलं की पंखांवरच्या फळ्या उभ्या राहतात, विमान खाली दाबलं जातं, मग ब्रेक लागतात. लोण्यासारखं अलगद टेकवण्याच्या नादात पुढची धावपट्टी भुर्रकन संपते. कप्पे उघडले ते मात्र बहुतेक कोणीतरी बॅग कोंबून नीट बंद न केल्यामुळे.

प्रश्न: दोन्ही इंजिनं बंद पडली तर विमान दगडासारखं खाली येतं ना? खरं सांगा.

नाही येत. इंजिन बंद पडलं तरी पंख जागेवरच असतात ना. मोठं प्रवासी विमान दहा किलोमीटर उंचीवरून तरंगत साधारण दीडशे किलोमीटर जाऊ शकतं.

याचा माझा सगळ्यात आवडता किस्सा कॅनडातला, २३ जुलै १९८३ चा. एअर कॅनडाचं बोइंग ७६७, त्या वेळी एकदम नवं कोरं मॉडेल आणि त्यांच्या ताफ्यात किलोमध्ये हिशोब करणारं पहिलं. इंधनाचे काटे बंद होते म्हणून टाकीत पट्टी बुडवून लिटर मोजले आणि त्याचं वजन काढायला १.७७ ने गुणलं, झालं, हा आकडा पाउंडाचा! किलोसाठी साधारण ०.८ ने गुणायला हवं होतं. म्हणजे कागदावर २२,३०० किलो आणि टाकीत त्याच्या निम्म्याहूनही कमी. ४१,००० फुटांवर असताना इशारे वाजायला लागले आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिनं गप्प, कॉकपिटमधले स्क्रीनही काळे, वाऱ्यावर फिरणारा एक छोटा पंखा खाली येतो तेवढ्यावरच स्टिअरिंग चालू.

नशीब असं की कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना बिनइंजिनाची ग्लायडर उडवायचा अनुभव होता. जवळ गिमली नावाचा हवाई दलाचा जुना तळ होता, तिकडे वळले तर उंची जास्त, आणि इंजिनच नाही म्हटल्यावर गो-अराउंडचा प्रश्नच नाही. मग त्यांनी ग्लायडरवाल्यांची युक्ती केली, विमान तिरकं करून, एक पंख खाली झुकवून आडवं घसरवत उंची घालवली. एवढं धूड! आणि खाली बघतात तर जुन्या धावपट्टीवर गाड्यांच्या शर्यती होत्या, लोक कुटुंबासकट आलेले. इंजिनाचा आवाजच नाही त्यामुळे खालच्यांना पत्ता लागला तोही उशिरा. पुढचं चाक नीट लॉक झालं नव्हतं ते दुमडलं, नाक जमिनीला घासत गेलं आणि त्या घासण्यानेच विमान लवकर थांबलं. आतल्या ६९ जणांपैकी कोणीही गेलं नाही. मागच्या घसरगुंडीवरून उतरताना काहींना खरचटलं, कारण नाक खाली गेल्यामुळे शेपूट वर आणि घसरगुंडी जवळजवळ उभीच झाली होती. तेच विमान दुरुस्त होऊन २००८ पर्यंत उडत होतं. सगळा घोळ कशाचा तर एका गुणाकाराचा.

प्रश्न: बेल्टवरून दुसऱ्याचीच काळी बॅग घरी आणली. आता?

लगेच विमान कंपनीला फोन करा, तो माणूस तिकडे तुमच्या बॅगेसमोर उभा राहून शिव्या देत असेल. मी स्वतः हे केलंय, इतकी वर्षं टॅग चिकटवूनसुद्धा! घरी उघडली तर आत लहान मुलाचा पोहायचा चष्मा आणि तीन एकसारख्या निळ्या टाया. तुमची बॅग आलीच नसेल तर हॉलमधून बाहेर पडायच्या आधी तक्रार लिहून नंबर घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल कराराप्रमाणे बॅग मोडली असेल तर ७ दिवसांत लेखी कळवायचं असतं, आणि २१ दिवसांत आली नाही तर हरवली असं धरून भरपाई मागता येते. टॅगचा तो चिटोरा फेकू नका. सगळे फेकतात.

प्रश्न: फोन सीटच्या फटीत पडला म्हणून सीट मागेपुढे करत होतो तर एअर होस्टेस अक्षरशः ओरडली. एवढं काय?

बरोबर ओरडली. सीटच्या यंत्रात फोन चेपला की आतली लिथियम बॅटरी पेटू शकते, आणि ती आग विझल्यासारखी वाटून परत परत भडकते. सीट हलवायची नाही, हात घालायचा नाही, क्रूला बोलवायचं. आमच्याकडे एकदा उतरल्यावर मेकॅनिकने अख्खी सीट खोलली तर फोन निघाला आणि त्याच्या खाली कोणाची तरी कवळी. फोनवाला धावत आला, कवळी महिनाभर आमच्या ड्रॉवरमध्ये होती, न्यायला कोणी आलं नाही.