दूषित मांस खाल्लं तर प्रिऑन पोटातून मेंदूत पोहोचतो कसा? रक्तातून का?

मुख्य वाट मज्जातंतूंची. रक्ताचाही हात असतो, पण तो वेगळा.

प्रिऑन म्हणजे चुकीची घडी पडलेलं प्रथिन. त्याचंच साधं रूप आपल्या पेशींवर, विशेषतः चेतापेशींवर, असतंच. वाकडं त्याला भिडलं की तेही वाकडं होतं. त्यामुळे प्रिऑन गाडीत बसल्यासारखा प्रवास करत नाही, वाटेतल्या पेशींना बाटवत सरकतो. ज्या उंदरांतून हे साधं प्रथिन बनवणारं जनुकच काढलं, त्यांना रोग होत नाही, हे 1993 मध्ये दिसलं.

ब्रिटनमधल्या मॅड काऊचं, म्हणजे गायींच्या प्रिऑन रोगाचं, उदाहरण घ्या. तसं मांस खाल्ल्यामुळे माणसाला होतो तो व्हेरियंट सीजेडी (क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोग, मेंदूचा). पचनरस ही घट्ट घडी पुरती तोडू शकत नाहीत. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पेयर्स पॅचेस नावाच्या लसिकाग्रंथींच्या चकत्या असतात. त्यांच्यावरच्या एम पेशी प्रिऑनला आत घेतात. आत फॉलिक्युलर डेंड्रिटिक पेशी असतात. बाहेरून आलेलं द्रव्य महिनोन्‌महिने धरून ठेवणं हेच त्यांचं काम, त्यामुळे प्रिऑनला आयती वखार मिळते. पुढे प्लीहा, टॉन्सिल, अपेंडिक्समध्येही साठा होतो. ताप नाही, सूज नाही. प्रथिन घरचंच, म्हणून प्रतिपिंडंही तयार होत नाहीत. ब्रिटनमध्ये 32,441 अपेंडिक्स तपासली तेव्हा 16 मध्ये हे प्रथिन सापडलं. (नेहमीच्या, आपोआप होणाऱ्या सीजेडीत टॉन्सिल तपासून काही मिळत नाही, तो मेंदूतच सुरू होतो.)

खरी अडचण पुढच्या उडीत आहे: वखारीतून मज्जातंतूत. उंदरांच्या प्लीहेत या वखारीच्या पेशी आणि सिंपथेटिक तंतूंची (आतल्या अवयवांचं काम आपोआप चालवणाऱ्या मज्जातंतूंची) टोकं यांच्यातलं अंतर कमी असलं की संसर्ग लवकर चढतो. ते तंतू नष्ट केले की लांबतो.

तिथून दोन जिने. पोटातल्या अवयवांना मेंदूशी जोडणारा व्हेगस मज्जातंतू थेट लंबमज्जेत, म्हणजे मेंदूच्या तळाच्या भागात, नेतो. दुसरा, सिंपथेटिक तंतूंचा, छातीच्या पातळीवर मज्जारज्जूत शिरून वर जातो. म्हणूनच मेलेल्या गायीची तपासणी करताना पशुवैद्य मोठ्या मेंदूऐवजी लंबमज्जेतला ओबेक्स हा भाग काढतात. व्हेगसचं केंद्र तिथेच असतं. गायीत मात्र प्लीहेत जवळपास काही साठत नाही, म्हणजे वखारीचा टप्पा प्रत्येक प्राण्यात सारखा नसतो.

आता रक्त. ते प्रिऑन एका लसिका अवयवातून दुसऱ्यात पसरवतं, आणि दात्याकडून रुग्णाकडेही. ब्रिटनमध्ये रक्त घेतल्यामुळे तिघांना व्हेरियंट सीजेडी झाला. तिथे 1999 पासून दात्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी गाळून काढतात.