अब्जावधी वर्षं जुना ज्वालामुखीय खडक कधी आणि कुठे तयार झाला, हे कसं ओळखतात?

वय आणि जन्मस्थान हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांचे पुरावेही वेगळे.

वयासाठी माझा सर्वांत जास्त भरवसा झिरकॉनवर. वाळूच्या बारीक कणाएवढा स्फटिक. तयार होताना युरेनियम आत घेतो, शिसं मात्र जवळजवळ घेतच नाही. म्हणजे आज आत सापडणारं शिसं बहुतेक सगळं युरेनियमच्या क्षयातून, म्हणजे ते किरणोत्सर्ग करत हळूहळू शिशात बदलण्यातून, आलेलं. युरेनियम-२३८ चा अर्धायुकाल (निम्मं क्षय पावायला लागणारा काळ) सुमारे ४४७ कोटी वर्षं, युरेनियम-२३५ चा सुमारे ७० कोटी. एकाच कणात दोन घड्याळं! दोन्हींचं उत्तर जुळलं तर वय भरवशाचं. नाही जुळलं तर बहुधा मधेच कधीतरी शिसं निसटलंय. बेसॉल्टमध्ये (गडद रंगाच्या, सिलिका कमी असलेल्या लाव्हाच्या खडकात) झिरकॉन क्वचितच मिळतो. तिथे त्याच थरांमधली ज्वालामुखीची राख किंवा रायोलाइट (सिलिका जास्त असलेला लाव्हाचा खडक) शोधावा लागतो.

जन्मस्थान सांगतात ती सूक्ष्म मूलद्रव्यं, म्हणजे खडकात अगदी थोड्या प्रमाणात असणारी. सोडियम-पोटॅशियमवर विसंबू नका, गरम पाणी त्यांना सहज हलवतं. थोरियम, निओबियम, टायटॅनियम बरेच टिकून राहतात. थोरियमच्या मानाने निओबियम ठळकपणे कमी दिसलं, तर तिथे एक भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा सरकणारा मोठा तुकडा) दुसऱ्याखाली सरकत होता अशी शंका घ्यावी. पण वर येणाऱ्या शिलारसात जुनं खंडीय कवच मिसळलं तरी हीच खूण उमटते, म्हणून असं जुनं कवच मिसळलंय का हे पाहायला निओडिमियमची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.