वाचकांचे प्रश्न : मुलानं ‘विनलँड सागा’ वाचावं का?

प्रश्न : माझा मुलगा अकरावीला आहे. मकोतो युकिमुरा यांची ‘विनलँड सागा’ ही जपानी मांगा, म्हणजे चित्रकथा, तो झपाटल्यासारखा वाचतोय. मी सहज एक खंड उघडला, तर मुंडकी उडताहेत, अख्खं गाव कापलं जातंय. दुसरीकडे त्यानं टेबलासमोर ‘मला कुणी शत्रू नाही’ असं लिहून चिकटवलंय आणि क्लासमधली मुलं छळतात तेव्हा तो गप्प बसतो. हिंसा वाचून तो बिघडेल अशी भीती वाटते, आणि फार मवाळ होईल अशीही. त्यात एक दारुडा पाद्रीही आहे. ही धर्माची टिंगल आहे का? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, वाचू द्या. पण तुम्हीही वाचा, आणि शेतावरच्या भागापर्यंत पोचल्याशिवाय मत ठरवू नका.

तुमच्या हाती लागला तो सुरुवातीचा खंड असणार. काळ अकराव्या शतकाच्या आरंभीचा, डेन लोक, म्हणजे डेन्मार्कचे व्हायकिंग, इंग्लंड लुटताहेत. आइसलँडच्या थॉर्फिनच्या वडिलांना, थॉर्सना, आस्केलाड नावाच्या लुटारूची टोळी त्याच्या डोळ्यांदेखत मारते. सूड घ्यायचा म्हणून पोरगा त्याच टोळीत राहतो. आस्केलाडशी द्वंद्व करायची संधी मिळावी, यासाठी तो सांगेल त्या कामगिरीवर जातो, सांगेल त्याला मारतो. आपण वाचक त्याच्याच बाजूचे असतो. त्याच्या कट्यारी चालतात तेव्हा आपल्यालाही चेव येतो. मेलेल्यांची नावं कुणी विचारत नाही, आपणही नाही.

मग सूडच हातातून निसटतो आणि थॉर्फिन डेन्मार्कमध्ये एका शेतावर गुलाम म्हणून येऊन पडतो. तिथं त्याला आयनार भेटतो. त्याचं घरदार अशाच धाडींत गेलेलं. दोघं मिळून जंगल तोडतात, मुळं उपटतात, उसन्या घोड्यानं नांगरतात, गहू पेरतात. पानंच्या पानं नुसती शेती चालते. मारामारीसाठी वाचणारी मुलं इथं कंटाळतात असं ऐकते, पण माझ्या लेखी हा भाग पुस्तकाचा कणा आहे. इथंच थॉर्फिनला ते स्वप्न पडतं : त्यानं मारलेली माणसं खालून त्याला धरून ओढताहेत. सुरुवातीचं रक्त वगळलं असतं तर या स्वप्नाला वजन कुठून आलं असतं? मी शाळेत इतिहास शिकवायचे. लढाईच्या धड्यात जिंकणारा कोण हे मुलं पटकन सांगत, मेलेल्यांचं पुढं काय झालं हे पुस्तकातच नसे. युकिमुरा तो हिशेब मांडतात, म्हणून मला ते मोलाचे वाटतात.

पुढं हिल्ड नावाची मुलगी येते. लहानपणी तिच्या वडिलांना थॉर्फिननंच मारलेलं असतं. ती त्याच्यावर बाण रोखते. सोडून देते तीही माफ करून नव्हे. यापुढं मी तुझ्यावर नजर ठेवीन, म्हणते. पश्चात्ताप झाला म्हणून समोरच्यानं क्षमा केलीच पाहिजे, असं हे पुस्तक कुठंही म्हणत नाही. मुलाशी बोलायचं तर या प्रसंगावर बोला.

आता पाद्री. विलिबाल्ड दारू पितो, पण सगळ्या पुस्तकात देवाचा विषय सर्वांत गांभीर्यानं घेणारा तोच आहे. बर्फात, प्रेतांच्या मध्ये, डेन्मार्कचा राजपुत्र कनूट त्याला प्रेम म्हणजे काय ते विचारतो. कनूटला सांभाळणारा रॅग्नार नुकताच मारला गेलाय. त्याचं माझ्यावरचं प्रेम ते प्रेमच ना? विलिबाल्ड म्हणतो, ते नव्हे. तुला एकट्याला वाचवायचं आणि बाकीच्यांचा बळी जाऊ द्यायचा, हा पक्षपात झाला. मग तो एका मृत सैनिकाकडे बोट दाखवतो. हा आता कुणाचा द्वेष करणार नाही, कुणाला लुटणार नाही. प्रेम इथं आहे. हे वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. आईबापांच्या मायेलाही तो यातून सूट देत नाही, आणि आई म्हणून मला ते पटवून घेता आलेलं नाही. कनूट मात्र यातून उठतो तो देवाकडे पाठ फिरवून. स्वर्ग मी इथंच, जमिनीवर उभारीन, सत्तेच्या बळावर. याला टिंगल म्हणत नाहीत, ताई. हा श्रद्धेशी घातलेला खरा वाद आहे.

राहिली मवाळपणाची भीती. ‘तुला कुणी शत्रू नाही’ हे मूळ थॉर्सचे शब्द, आणि थॉर्स त्या काळच्या सर्वांत बलाढ्य योद्ध्यांपैकी एक. राजा झालेल्या कनूटची फौज शेत बळकवायला येते तेव्हा थॉर्फिन नुसत्या राजाच्या भेटीसाठी एका धिप्पाड सैनिकाचे शंभर ठोसे खातो, उभा राहतो आणि राजासमोर जाऊन बोलतो. बोलतो, हे महत्त्वाचं. पुन्हा हिंसा करायची नाही हे त्याचं व्रत, पण गप्प बसणं त्यात नाही. मुलाला हे दाखवा, आणि क्लासच्या सरांना तुम्ही स्वतः जाऊन भेटा. छळ थांबवणं ही मोठ्यांची जबाबदारी आहे, ती त्याच्या एकट्याच्या खांद्यावर ठेवू नका.

प्रश्न : थॉर्फिन खरंच होऊन गेला का? – महाविद्यालयीन वाचक, नागपूर

उत्तर : आइसलँडच्या दोन जुन्या सागांत, म्हणजे गद्य कथांत, थॉर्फिन कार्ल्सेफ्नी आणि त्याची बायको गुड्रिड भेटतात. ती वसाहत करायला विनलँडला, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला जातात. त्यांचा मुलगा स्नोरी तिथंच जन्मतो. स्थानिकांशी झगडे होतात आणि शेवटी सगळे परततात. एका सागेनुसार गुड्रिड उतारवयात रोमची यात्रा करून येते आणि ख्रिस्ती जोगीण होऊन राहते. तिच्यावर वेगळं पुस्तक व्हायला हवं! कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये लान्स ओ मेडोज इथं १९६० मध्ये इंगस्टाड दांपत्याला नॉर्स, म्हणजे व्हायकिंग काळातल्या उत्तर युरोपीय लोकांच्या, वस्तीचे अवशेष सापडले. तिथलं लाकूड १०२१ मध्ये तोडलेलं होतं, असं २०२१ मध्ये सिद्ध झालं. कनूट तर इतिहासातला पक्का : १०१६ मध्ये इंग्लंडचा राजा, मग डेन्मार्कचा, १०२८ पासून नॉर्वेचाही. थॉर्फिनचं गुलाम होणं आणि सूड हे मात्र युकिमुरांचं.

प्रश्न : ॲनिमे, म्हणजे याच मांगावरची ॲनिमेशन मालिका, पाहिली तर चालेल का? – एक वाचक, पणजी

उत्तर : २०१९ आणि २०२३ चे दोन्ही सीझन चांगले आहेत, पण ते शेत सुटतं तिथवरच येतात. हिल्ड त्यानंतर येते. मांगा २००५ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये पूर्ण झाली, त्यामुळे आता शेवटापर्यंत सलग वाचता येते.