डॉक्युमेंटेशनची दुरुस्ती कुठून सुरू करावी?

प्रश्न : आम्ही पाच-सहा जण एक मुक्तस्रोत सॉफ्टवेअर सांभाळतो. ते चांगले चालते. परंतु नवे वापरकर्ते इन्स्टॉल करतानाच अडतात आणि तेच ते प्रश्न पुन्हा विचारतात. संकेतस्थळ जुनाट दिसते, माहिती विखुरलेली आहे आणि डॉक्युमेंटेशन, म्हणजे सॉफ्टवेअर कसे वापरावे याची लिखित माहिती, लिहायला कोणी पुढे येत नाही. संकेतस्थळ नव्याने उभारावे काय?

उत्तर : एवढ्यात उभारू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. रंगरूप पालटले तरी चुकीची कमांड नव्या पानावरही चुकीचीच राहते. त्याआधी, ज्याने आपले सॉफ्टवेअर कधीही पाहिलेले नाही अशा कोणाला तरी इन्स्टॉलेशनच्या पानासमोर बसवावे आणि त्याला काहीही न सुचवता, तो कुठे थांबतो, कुठून मागे फिरतो, एवढेच टिपून घ्यावे. मी हे केले तेव्हा समोरच्या विद्यार्थिनीने पानावरची कमांड आरंभीच्या डॉलर-चिन्हासकट टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीत, चिकटवली. ते चिन्ह टाइप करायचे नसते, ती केवळ टर्मिनलची खूण आहे, हे आम्ही कुठेच लिहिले नव्हते. कमांड सापडली नाही, असा संदेश आला आणि तिने, ‘माझेच काहीतरी चुकले’, असे म्हटले. ते पान आमच्या नजरेखालून असंख्य वेळा गेले होते, तरी ती अडचण आमच्यापैकी एकालाही दिसली नव्हती.

माहिती विखुरलेली असण्यापेक्षा ती एकमेकांत मिसळलेली असणे अधिक त्रासाचे असते. डॅनिएले प्रोचिदा यांनी मांडलेल्या ‘डायटॅक्सिस’ पद्धतीत डॉक्युमेंटेशनचे चार प्रकार मानले आहेत: नवख्याचा हात धरून शिकवणारा पाठ, ठरावीक काम कसे करावे याचे मार्गदर्शन, संदर्भ (प्रत्येक पर्यायाची नेमकी माहिती) आणि संकल्पनांचे स्पष्टीकरण. पहिल्या पाठातच प्रत्येक पर्यायाची यादी घातली, तर शिकणारा गोंधळतो आणि जाणकाराला हवी असलेली ओळही सापडत नाही. चारही विभाग एकदम करण्याचा अट्टहास नको. पाठ आणि संदर्भ वेगळे केले तरी बराच फरक पडतो.

डॉक्युमेंटेशन कोडच्याच रिपॉझिटरीत, म्हणजे कोड आणि त्यातील बदल जिथे साठवले जातात तिथेच, ठेवावे, म्हणजे ज्या बदलाने प्रोग्रामचे वागणे बदलते त्याच बदलात पानही दुरुस्त करता येते आणि तपासणाऱ्याला दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात. जँगो या वेब-फ्रेमवर्कच्या प्रकल्पात नव्या सुविधेसोबत तिचे डॉक्युमेंटेशन देणे आवश्यक मानले जाते. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत तर डॉक्युमेंटेशनमधील कोडची उदाहरणे चाचण्या म्हणून चालवली जातात. उदाहरण जुने झाले की चाचणी अयशस्वी होते. पायथन भाषेत हेच काम ‘डॉकटेस्ट’ हे साधन करते. एखादे पान हलवले, तर जुन्या पत्त्यावरून वाचकाला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारा ‘३०१ रिडायरेक्ट’ द्यावा आणि जुन्या आवृत्तीच्या प्रत्येक पानावर चालू आवृत्तीचा दुवा ठळकपणे ठेवावा. सर्च इंजिनमधून येणारा वाचक अनेकदा जुन्या पानावरच उतरतो.

लिहिणारे मिळत नाहीत, ही अडचण आपली एकट्याची नाही. गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळाच्या २०१७ च्या मुक्तस्रोत सर्वेक्षणात ९३ टक्के जणांनी अपुऱ्या किंवा कालबाह्य डॉक्युमेंटेशनची समस्या अनुभवल्याचे नोंदवले होते, तर ६० टक्के योगदानकर्त्यांनी आपण डॉक्युमेंटेशनसाठी क्वचितच किंवा कधीच काही लिहीत नाही, असे सांगितले होते. माझ्या मते लेखक बाहेर शोधण्याची गरज नाही, कारण तो प्रश्न विचारायला आपल्याकडे येतोच. त्याची अडचण सुटताच, ‘आता हे पान आपणच दुरुस्त कराल का?’ असे विचारावे. प्रत्येक पानावर ‘हे पान सुधारा’ असा दुवा ठेवावा आणि नव्या आवृत्तीच्या घोषणेत कोड लिहिणाऱ्यांच्या बरोबरीने पान सुधारणाऱ्याचेही नाव द्यावे.

तूर्त, गेल्या महिन्यात सर्वाधिक वेळा विचारलेला एकच प्रश्न निवडावा. त्याचे उत्तर ‘नेहमीचे प्रश्न’ अशा वेगळ्या पानावर न टाकता, जिथे वापरकर्ता अडला, त्याच ओळीखाली लिहावे.