नागपुरात केबलचं बिल न भरता घरी फुकट पिक्चर कसे पाहायचे?

तुम्ही लिहिलंय की केबल बंद करायची आहे, पण आईबाबांना रोज संध्याकाळी एक पिक्चर लागतो, आणि तो फुकटात हवा. मग ॲपच्या मागे नंतर लागा. आधी गच्चीवर छत्री लावा.

डीडी फ्री डिश म्हणतोय मी. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावानं सुरू झाली. महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही. बॉक्स, छत्री, वायर आणि बसवणं धरून साधारण दीड-दोन हजारांत काम होतं. गच्चीवर एखाद्या कंपनीची बंद पडलेली छत्री गंजत असेल (आपल्याकडे बहुतेक गच्च्यांवर एक तरी असतेच), तर बहुतेक वेळा तीच चालते, फक्त तोंड फिरवावं लागतं. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) बॉक्स घ्यायला गेलात तर एमपीईजी-४ चाच मागा, म्हणजे चित्र पाठवायची नवी पद्धत समजणारा. स्वस्त म्हणून जुना एमपीईजी-२ गळ्यात मारतात आणि मग काही चॅनेल दिसतच नाहीत.

आता तोंड कुठे फिरवायचं? फ्री डिशचे चॅनेल ज्यावरून येतात तो जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि नागपूर ७९ च्या आसपास, म्हणून आपल्या इथून तो आग्नेयेला येतो, क्षितिजापासून जवळपास ६० अंश वर. त्या बाजूला कडुलिंब असेल किंवा शेजाऱ्यानं नुकताच मजला चढवला असेल, तर छत्रीची जागा बदला. मोबाइलमधलं होकायंत्र पुरतं. पावसाळ्यात जोराची सर आली की चित्र फुटतं, ते पाण्यानं सिग्नल अडल्यामुळे. सर ओसरली की आपोआप येतं. त्यासाठी मेकॅनिकला काहून पैसे द्यायचे?

एक कटकट आहे. खाजगी चॅनेलना इथली जागा लिलावानं मिळते, त्यामुळे आज असलेलं पिक्चरचं चॅनेल उद्या गायब होऊ शकतं आणि दुसरंच येऊन बसतं. अधूनमधून चॅनेल नव्यानं शोधायला लावत जा. जाहिराती भरपूर, पण आमच्या घरी तरी तेवढ्यात चहा होतो.

यूट्यूब तुम्हाला माहीतच आहे, तरी तिथे बरेच जण फसतात. 'फुल मूव्ही' असं लिहिलेल्या निम्म्या व्हिडिओंत नुसती लिंक असते. राजश्री मराठी, शेमारू, अल्ट्रा यांची स्वतःची चॅनेल आहेत, त्यांच्याकडे मराठीचा चांगला साठा आहे. दक्षिणेचे हिंदीत डब केलेले मारधाडवाले पिक्चर हवे असतील तर गोल्डमाइन्स. चित्र उलटं दिसतंय, पात्रं डावखुरी झाली आहेत, आवाज चिरका येतोय किंवा भोवती रंगीत चौकट आहे, तर समजा की तो चोरीचा माल आहे. पकडला जाऊ नये म्हणून केलेले हे उद्योग. तो अर्ध्यात उडतोही. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर दर्जा ४८०पी वर ठेवा, नाहीतर क्लायमॅक्सच्या आधी डेटा संपतो बाप्पा!

बाबांना जुने पिक्चर आवडत असतील तर मजा आहे. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, नंतर तो सगळ्यांचा. म्हणजे प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' बिनधास्त पाहा. जुन्यांसाठी इंटरनेट आर्काइव्ह या फुकट वेबसाइटवरही शोधा. प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये वेव्हज नावाचं ॲप काढलं, त्यावर दूरदर्शनच्या जुन्या मालिका मिळतात. जाहिराती चालत असतील तर ॲमेझॉन एमएक्स प्लेयरही फुकट आहे. आणि घरी फायबर असेल तर आधी आपला प्लॅन नीट वाचा. बरेच जण ज्या ओटीटीचे पैसे वेगळे भरून राहिलेत, ते त्यांच्या प्लॅनमध्येच असतं.

शुक्रवारी लागलेला पिक्चर शनिवारी टेलिग्रामवर मात्र नको. थिएटरमध्ये चोरून चित्रीकरण करणं किंवा ती कॉपी पसरवणं यासाठी २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर किमान तीन महिने कैद आणि किमान ३ लाख दंड आहे. त्याहून मला भीती वाटते ती तिथे मिळणाऱ्या एपीके फाइलची (म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून फोनमध्ये टाकायचं ॲप). ती एसएमएस वाचायची परवानगी मागते, आणि बाबांच्या फोनवर बँकेचे ओटीपी येतात.

टीव्ही स्मार्ट आहे की साधा, ते तुम्ही लिहिलं नाही. साधा असून त्याला एचडीएमआयची जागा असेल तर लॅपटॉप वायरनं जोडा. नुसत्या फोनवर भागवायचं असेल तर आधी त्या मॉडेलमधून चित्र बाहेर जातं का ते बघा, स्वस्तातल्या बऱ्याच फोनना वायर लावून काही होत नाही.