निर्वासितांचा कायदा एक, मग भांडण कशाचे?

प्रश्न : युरोपीय संघात आश्रयाचे नियम सामाईक आहेत. तरीही स्थलांतरावरून तिथली सरकारे का पडतात?

उत्तर : कारण नियम सामाईक असले तरी भार सामाईक नाही. डब्लिन नियमानुसार निर्वासिताने ज्या देशातून संघात पाऊल ठेवले, त्याच देशाने बहुधा त्याचा अर्ज तपासायचा. इटली, ग्रीस यांची तक्रार इथूनच सुरू होते. तो माणूस पुढे जर्मनीत गेला, तर बोटांच्या ठशांवरून त्याची पहिली नोंद सापडते आणि जर्मनी त्याला परत पाठवू पाहते. पहिल्या देशाने होकार दिल्यावर हे साधारण सहा महिन्यांत व्हावे लागते. मुदत टळली की जबाबदारी जर्मनीवरच येते. कागदावर होकार असूनही प्रत्यक्ष पाठवणी रखडते, आणि जर्मन मतदाराचा राग तिथे साठतो.

२०१५ मध्ये १,२०,००० निर्वासित सदस्य देशांत वाटून घेण्याचा निर्णय संघात बहुमताने झाला. हंगेरी, झेकिया, स्लोव्हाकिया आणि रोमानिया विरोधात होते. माझ्या मते सर्वांत खोल जखम हीच. नको असलेला निर्णय लादला गेला, ही भावना अशा देशांत अजून मते मिळवून देते.

म्हणून संघाच्या २०२४ च्या स्थलांतर करारात सदस्य देशांना पर्याय ठेवला : माणसे घ्या, माणशी २०,००० युरो द्या किंवा इतर मदत करा.

नेदरलँड्समध्ये मात्र २०२३ साली चार पक्षांचे सरकार पडले ते निर्वासितांच्या कुटुंबीयांना बोलावण्यावर मर्यादा घालण्यावरून. तो वाद ब्रसेल्सशी, म्हणजे संघाशी नव्हता, आघाडीतलाच होता.